जुनी टूरिंग बाइक घेताय? आधी सायलेन्सर नीट पाहा

जुन्या टूरिंग बाइकच्या जाहिरातीत नवे टायर, सॅडल स्टे आणि 'परफॉर्मन्स एक्झॉस्ट' अशी यादी हमखास असते. विक्रेता या एक्झॉस्टचे पैसे किमतीत धरतो. मात्र हाच बदल अनेकदा नियमबाह्य असतो आणि गाडी नावावर झाली की त्याची जबाबदारीही नव्या मालकावर येते. त्यामुळे इंजिनाइतकाच सायलेन्सरही बारकाईने तपासायला हवा.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ध्वनी आणि वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने परवाना अपात्र अशी तरतूद आहे. पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये वाचकांनी पाहिली असतीलच.

मूळ की बदललेला, कसे ओळखावे?

१. शिक्का : मूळ सायलेन्सरवर साधारणपणे कंपनीचे चिन्ह किंवा पार्ट क्रमांक कोरलेला असतो. नुसते स्टिकर असेल तर शंका घ्यावी. त्याच मॉडेलच्या शोरूममधील गाडीचा फोटो काढून आकार, नळीचे तोंड आणि हीट शील्ड जुळवून पाहावे.

२. जोड आणि बोल्ट : बेंड पाइप जुना, गंजलेला आणि मागचा डबा चकचकीत असेल, तर डबा बदलला आहे. घासलेली बोल्टची डोकी, वेगळा क्लॅम्प, हाताने मारलेले वेल्डिंग याही खुणा आहेत.

३. ऑक्सिजन सेन्सर : १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये हा सेन्सर एक्झॉस्टच्या नळीवर असतो. त्याच्या जागी बोल्ट ठोकला असेल किंवा वायर कापून जोडली असेल, तर व्यवहार थांबवलेला बरा.

४. इंजिनचा दिवा : चावी फिरवल्यावर मीटरवरील इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर बिघाड लपवलेला असू शकतो.

५. आवाज : अ‍ॅक्सिलरेटर सोडताच फटाके फुटल्यासारखा आवाज येत असेल, तर गळती, बिघडलेले इंधन मिश्रण किंवा काढून टाकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही कारणे संभवतात. मेकॅनिककडून खात्री करून घ्यावी.

६. बॅगेची बाजू : हिमालयन ४११ चा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला असतो आणि त्याच बाजूला सामानाची बॅगही लटकते. लोकल सायलेन्सरला हीट शील्ड नसेल, तर लांबच्या प्रवासात बॅग वितळू शकते.

पीयूसी आहे, मग चिंता कशाची?

इथेच अनेकांची फसगत होते. पेट्रोल दुचाकीच्या पीयूसी चाचणीत इंजिन आयडलिंगवर असताना धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. आवाज मोजला जात नाही. त्यामुळे पीयूसी वैध असणे हा सायलेन्सर मूळ असल्याचा पुरावा नाही.

सौदा करताना काय करावे?

मूळ सायलेन्सर कुठे आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. तो विक्रेत्याकडे असेल, तर बसवून घेऊनच चाचणी फेरी मारावी. नसेल, तर सर्व्हिस सेंटरमधून नव्या सायलेन्सरचे आणि गरज असल्यास सेन्सरचे कोटेशन घ्यावे आणि ती रक्कम किमतीतून वजा करावी. बदल राहिलाच, तर विमा कंपनीला लेखी कळवावे. अन्यथा क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो.

रस्त्यावरील कारवाई आवश्यकच आहे. पण बदललेला सायलेन्सर लपवून किंवा मिरवून गाडी विकणारा नामानिराळा राहतो आणि भुर्दंड पडतो तो खरेदीदाराला. सेकंडहँड विक्रीच्या जाहिरातीत असे बदल स्पष्ट लिहिणे बंधनकारक व्हायला हवे. तोवर विक्री करारातच 'मूळ सायलेन्सरसह' ही ओळ लिहून घेणे शहाणपणाचे ठरेल.