मेथी शून्य रुपये

पुण्याच्या मांजरी उपबाजारात पालेभाजी न्यायची की नाही, हे ठरवताना शेतकऱ्याला एकच आकडा हवा असतो : काल जुडी कितीला गेली? पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यभरातल्या बाजार समित्यांचे किमान, कमाल, सर्वसाधारण दर रोज येतात. पण एका बाजारातल्या चार भाज्यांसाठी तेवढी शोधाशोध कोण करणार? मग वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यात शोधता येत नाही, अंध माणसाच्या फोनला तो धड वाचून दाखवता येत नाही, आणि परवाचा फोटो आजचा म्हणून खुशाल खपतो.

यावर कुणी ‘ॲप काढू या’ म्हणालं की मला धडकीच भरते. साधं वेबपान पुरे. भाव एका तक्त्यात भरायचे. कुणी पान उघडलं की सर्व्हरवरचा पीएचपी या भाषेतला प्रोग्रॅम तक्त्यातून कालची ओळ उचलतो आणि तयार मजकूर धाडतो. जुना फोन, अशक्त नेटवर्क, काही अडत नाही. रासमुस लेरडॉर्फ यांनी हे पीएचपी १९९५ साली लोकांसाठी खुलं केलं, तेही मुळात स्वतःच्या पानापुरतं रचलेलं. पान दिसायला कसं हवं ते सांगणाऱ्या सीएसएसला मान्यता मिळाली डिसेंबर १९९६मध्ये. तिशीची ही जोडी जुनाट म्हणून नाकं मुरडणारे बरेच आहेत, मुरडोत बापडे. हडपसर-मांजरीकडची, संगणकावर झॅम्प हा सर्व्हर टाकून पीएचपी शिकणारी पोरं असं पान सहज उभं करतील.

अडतं ते मराठीपाशी, कारण शिकवणीतली सगळी उदाहरणं इंग्रजी. भाव भरणाऱ्यानं मेथीपुढे आपल्या आकड्यांत ‘१२’ लिहिलं आणि पीएचपीनं त्याचा पूर्णांक केला, तर उत्तर येतं शून्य. चूक कुठे झाली ते सांगत नाही, निमूटपणे शून्य ठेवतं. मेथी शून्य रुपये! देवनागरी आकडे आधी बदलून घेणारी एक ओळ लिहिली की काम भागतं, पण ती ओळ कुठल्या नोट्समध्ये मला तरी सापडलेली नाही. ‘मांजरी’ या नावाचंही तेच. आपल्याला दिसतात तीन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबी ती सहा चिन्हं, आणि युटीएफ-८मध्ये एका चिन्हाला तीन याप्रमाणे अठरा बाइट. पीएचपीतलं लांबी मोजणारं नेहमीचं स्ट्रलेन अठराच मोजतं. जागा वाचवायला कुणी दहा बाइटवर कात्री चालवली, तर ‘मां’पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं.

सीएसएसच्या स्टाइलशीटकडे तर कुणी बघतच नाही. इंग्रजी टेम्प्लेट उचललं की त्यातलं अक्षरांमधलं वाढीव अंतर मराठी मथळ्यावर पडतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. दोन ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाची, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अंतर शून्य करा, ओळींना मोकळं सोडा, आणि पानाच्या सुरुवातीलाच भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ मग हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात. दिसण्यापलीकडचं आणखी एक : बाहेरून आलेला मजकूर पानावर छापण्याआधी निर्धोक करून घेणं हे खरं तर पहिल्या दिवशी शिकवायचं. शिकवणीत ते शेवटच्या तासावर ढकलतात, आणि तो तास बुडतो.

राहिली तारीख. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आलं, पण भाजीवाल्याचा दिवस अजून उजाडायच्या आधीच सुरू होतो. पीएचपीला प्रमाणवेळ सांगितली नसेल, तर ते जागतिक वेळ धरतं. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. म्हणजे पहाटे चारला शेतकऱ्यानं टेम्पो भरता भरता पान उघडलं, तर त्यावर तारीख कालची, आणि ‘कालचा भाव’ या मथळ्याखाली परवाच्या विक्रीचा आकडा. ‘एशिया/कोलकाता’ एवढं एकदा लिहायचं. आणि कालचा भाव अजून कुणी भरलाच नसेल, तर शेवटचा भरलेला आकडा त्याच्या खऱ्या तारखेसकट दाखवायचा, तारीख भावाइतक्याच मोठ्या टायपात.