आधी बसा

थाई भाषेतलं मी सर्वांत आधी शिकलेलं वाक्य ‘नांग कॉन’. नांग म्हणजे बसा, कॉन म्हणजे आधी. दारात आलेल्याला आपण ‘आधी बसा तरी’ म्हणतो, अगदी तेच. २०१६च्या मे महिन्यात, थायलंडच्या शाळा सुरू होतात त्या आठवड्यात, नाखोन सावनमधल्या एका सरकारी शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले. पहिल्या दिवशी हे वाक्य निदान वीसदा कानावर पडलं. कुणी थंड पाण्याचा पेला हातात दिला, कुणी पंखा माझ्याकडे वळवला, कुणी कैरीच्या फोडी आणि सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी पुढे सरकवली. कैरी तिखटमिठात बुडवून तोंडात टाकली आणि मनात म्हटलं, इथे आपलं जमणार.

जमायला तीन वर्षं लागली.

नाखोन सावन म्हणजे नगर आणि स्वर्ग. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे २४० किलोमीटरवर पिंग आणि नान या नद्या इथे भेटतात आणि तिथून पुढे छाओ फ्राया या नावाने वाहतात. माझं बालपण कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर गेलेलं. त्यामुळे पहिल्याच रविवारी संगमावर जाऊन बसले. शेजारी गळ टाकून बसलेल्या आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बायकोला हलकेच सांगितलं, ‘खॅक’.

गोऱ्या परदेशी माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात. पेरूलाही फरांगच म्हणतात. भारतातून, मलायातून, अरबस्तानातून आलेला माणूस मात्र ‘खॅक’. या शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. काहींना त्यात हिणवणं ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याच्या सुरावरून कधीकधी ते खरंही असतं. आजोबांच्या सुरात तसं काही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत परदेशी लोकांचं एक वेगळं टेबल होतं. त्यावर फिलिपिन्सच्या दोघी जणी, कॅमेरूनचा एक विज्ञानशिक्षक, इंग्लंडहून आलेला तेवीस वर्षांचा एक पोरगा आणि मी. म्हणजे त्या टेबलावर एक पेरू होता आणि एक पाहुणी. शाळेच्या फाटकावरच्या मोठ्या फलकावर फोटो पेरूचा लागला. एका सत्रानंतर तो दक्षिणेकडच्या बेटांवर निघून गेला, फोटो दोन वर्षं तसाच राहिला. आम्ही बाकीचे मात्र घरी पैसे पाठवणारे होतो. आम्हाला कुठेही निघून जायचं नव्हतं.

पाहुणीला काय हवं-नको ते मात्र सगळे बघायचे. कॉरिडॉरमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘किन खाव यांग?’ भात खाल्लास का? आपल्या ‘जेवलीस का?’चं हे सख्खं भावंड, आणि त्याचं खरं उत्तर कुणाला नको असतं हेही आपल्यासारखंच. मी नवखी होते. ‘नाही जेवले’ असं खरं सांगून बसले, तर बिचाऱ्या ग्रंथपाल बाई स्वतःचा डबा घेऊन माझ्यामागे धावत आल्या.

त्या डब्यात डुक्कर होतं. मी शाकाहारी. शाकाहाराला थाई शब्द ‘मांगसाविरात’, म्हणजे आपलं मांस आणि विरती. शब्द आपलाच आहे म्हणून मी खूश झाले. मग कळलं की ‘नाम प्ला’, शब्दशः माशाचं पाणी, हे मासा या सदरात मोडत नाही. ते मिठासारखं असतं. उपाहारगृहातल्या मावशी मला प्रेमाने निवडून भाज्या द्यायच्या, वरून ते पाणी शिंपडायच्या आणि म्हणायच्या, ‘मांस नाही हं!’ शरद ऋतूत, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमाराला, तिथे ‘किन जे’चे नऊ दिवस येतात. गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि त्या गाड्यांवर मांसमासे, कांदा-लसूण सगळं बंद. वर्षातले ते नऊ दिवस मी गावभर हुंदडत जेवायचे.

मानाचं म्हणाल तर त्याला सीमा नव्हती. जूनमधल्या एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ असतो. ख्रू म्हणजे गुरू. गुरुवारच का, तर त्या वाराचं थाई नाव ‘फारुहात्साबोदी’, म्हणजे बृहस्पती. मुलं फुलांची तबकं घेऊन व्यासपीठावर येतात, गुडघ्यांवर सरकत शिक्षकापर्यंत पोहोचतात आणि डोकं टेकवतात. तबकात इक्झोराची फुलं असतात. तिचं थाई नाव सुई, म्हणून बुद्धी सुईसारखी तीक्ष्ण व्हावी. वांग्याचं फूल असतं, कारण ते खाली झुकतं. आणि असतात चक्क दूर्वा. कितीही तुडवा, फुटतच राहतात, तसं शिकणंही पसरावं म्हणून. परमुलखात व्यासपीठावर बसलेल्या माझ्या मांडीवर एका पोराने दूर्वांची जुडी ठेवली, तेव्हा डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा माझ्या थाई उच्चारांवर बाकाखाली लोळून हसत होता. सूर चुकला की थाईत ‘जवळ’चं ‘लांब’ होतं. दोन्हींना शब्द एकच, ‘क्लाय’. मी तीन वर्षांत किती जणांना जवळ बोलावताना लांब पाठवलं असेल, देव जाणे.

अडचण संध्याकाळची. साडेचारला सगळे सहकारी स्कूटरवर बसून आपापल्या घरी जात. मी माझ्या खोलीवर. मग सेव्हन-इलेव्हनचं दुकान, मग रात्रीच्या बाजारातली ठरलेली गाडी. ‘आज एकटीच?’ हा गाडीवालीचा रोजचा प्रश्न. लग्नाची आमंत्रणं मात्र ढिगाने यायची, नवरा-नवरीला मी कधी पाहिलेलंही नसायचं तरी. पत्रिकेच्या पाकिटातच पैसे घालून ते परत द्यायचं, हा तिथला आहेर. तिथेही मला मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसवून हातात माइक दिला जायचा. वयस्कर शिक्षकांना ‘हाथी मेरे साथी’ अजून आठवतो, त्यामुळे माझी सुटका नसे. डिसेंबरात तर कहरच. परदेशी आहे म्हणजे नाताळ हिचाच असणार, या न्यायाने कराडच्या देशस्थ बाईला लाल टोपी घालून बाराशे मुलांना चॉकलेटं वाटावी लागली.

आणि इतकं सगळं असून मला कधी काही कळायचं नाही. शाळेचा कारभार चाले ‘लाइन’ नावाच्या ॲपवरच्या ग्रुपमध्ये, थाई लिपीत, जिच्यात दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. मी प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन वर्गात जावं, तर वर्ग रिकामा. मुलं मैदानावर, रंगांप्रमाणे संघ पाडून होणाऱ्या क्रीडामहोत्सवाच्या संचलनात. परत येऊन विचारलं तर सगळे ओशाळून हसत. आधी सांगायचं ना! तर म्हणे, तुम्हाला कशाला त्रास.

या ‘कशाला त्रास’ला थाई शब्द आहे ‘क्रेंग चाय’. चाय म्हणजे मन, क्रेंग म्हणजे धाक. आपली भीड त्याच्या बरीच जवळ जाते. समोरच्याला अवघड वाटेल असं बोलायचं नाही, त्याच्यावर काही लादायचं नाही, त्याची चूक काढायची नाही. तो वयाने मोठा असेल किंवा पाहुणा असेल, तर मुळीच नाही. बैठकीनंतर मी खुर्च्या उचलायला जाई, तर कुणीतरी अलगद माझ्या हातून खुर्ची काढून घेई. नांग कॉन. लोय क्राथोंग या सणाच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका केळीचं खोड कापून पाण्यात सोडायच्या परड्या करत बसत. मला एक तयार परडी मिळे, उदबत्ती-मेणबत्तीसकट. ही भिंत दगडाची असती तर मी डोकं तरी आपटलं असतं. ही होती कापसाच्या गादीची. पाहुणा तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर त्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे आहे. तिथे माझं तिसरं वर्ष चालू होतं आणि अजून कुणी माझी अक्कल काढायला तयार नव्हतं.

एकदाच काय ते सगळ्यांत मिसळल्यासारखं वाटलं होतं, ते पहिल्याच वर्षी. १३ ऑक्टोबर २०१६ला राजे भूमिबोल गेले, ७० वर्षं राज्य करून. नोव्हेंबरात शाळा उघडली तेव्हा सगळे शिक्षक काळ्या कपड्यांत होते आणि वर्षभर तसेच राहिले. माझ्याकडे काळी साडी एकच, संक्रांतीची. हलव्याच्या दागिन्यांवर नेसायची ती साडी मी दुखवट्याला नेसून गेले. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

तिसऱ्या वर्षी त्यांची आई गेली. गावातल्या विहारात पाच रात्री भिक्षूंचं पठण होतं. काळे कपडे, पाकिटात पैसे. मर्तिकाला आहेर हे माझ्या मनाला जड गेलं, पण खर्च वाटून घेण्याची ती रीत आहे. पहिल्या रात्री मला पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री गर्दी फार होती आणि वाढायला माणसं कमी. मी मागच्या बाजूला चप्पल शोधत होते, तेवढ्यात एक घामाघूम बाई स्वयंपाकघरातून आली आणि खाव तोमच्या, म्हणजे पातळ गरम भाताच्या, वाट्यांचा ट्रे तिने माझ्या हातात कोंबला. ‘फी, चुआय नॉय!’ फी म्हणजे ताई. ताई, जरा हात लाव गं.

तोवर मी सगळ्यांची ‘टीचर’ होते.

मी चार खेपा वाढलं. पाचव्या खेपेला एका पाहुण्याच्या पँटवर भात सांडला, तर त्या बाईने सगळ्यांदेखत मला झापलं. काय म्हणाली ते अर्धंच कळलं, पण इतकं बरं मला महिन्याभरात वाटलं नव्हतं. मग मागे नळाशी बसून भांडी घासली. तिथे पगार किती, मुलं किती, नवरा एकटा कसा राहतो, वजन का वाढलं, या सगळ्या चौकशा झाल्या. भीड कुठल्या कुठे गेली होती. शेवटच्या दिवशी चितेवर ठेवायला सगळ्यांना एकेक ‘डॉकमाय चान’ देतात, चंदनाचं फूल. खरं चंदन नसतं, कागदाचं किंवा लाकडाच्या पातळ सालीचं असतं. ती फुलं दारात उभं राहून वाटायचं काम ग्रंथपाल बाईंनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

पण मला आठवते ती चौथी रात्रच. भांडी आटपून मी जेवायला आले तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी उभी राहिले, इकडेतिकडे पाहिलं. माझ्यासाठी कुणी उठलं नाही. सोड्याच्या बाटल्यांचा एक रिकामा क्रेट पालथा घालून मी त्यावर टेकले. मघाच्याच बाईने पदार्थांच्या गर्दीतून झाकून ठेवलेली एक वाटी माझ्यापुढे आणून आदळली आणि लगेच पुढच्या कामाला वळली. झाकण काढलं. नुसता भात, आलं आणि कोथिंबीर. मांस नव्हतं, आणि खाल्ल्यावर कळलं, माशाचं पाणीही नव्हतं.