लिनक्स काढायचं बटण कुठे आहे?

आमच्या कॅनडातल्या किचनर शहरात सप्टेंबरात कॉलेजं सुरू झाली की नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "काका, सेकंडहँड लॅपटॉप घेतला. चालू केला की काळा पडदा येतो, वर 'ग्रब' लिहिलंय. गेला का हो?"

लॅपटॉप धडधाकट असतो. आधीच्या मालकाने विंडोजशेजारी लिनक्स बसवलेलं असतं आणि विकताना लिनक्सचं पार्टिशन तेवढं उडवलेलं असतं. ग्रब हा बूट लोडर मात्र ईएफआय पार्टिशनमध्ये शिल्लक राहतो, मदरबोर्डच्या बूट यादीत विंडोजच्याही वर. सुरू झाल्यावर तो आपला मेनू उडालेल्या पार्टिशनमध्ये शोधतो आणि तिथेच अडतो.

तो काढता येतो, पण क्रमाने. विंडोजचं डिस्क-कुलूप, म्हणजे बिटलॉकर, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी. मग फर्मवेअरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणायचा आणि विंडोज नीट उघडतं का ते पाहायचं. त्यानंतरच विंडोजच्या 'माउंटव्हॉल' आज्ञेने ईएफआय पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर देऊन फक्त लिनक्सचं फोल्डर काढायचं, शेजारच्या 'मायक्रोसॉफ्ट' फोल्डरला हात लावायचा नाही. शेवटी 'बीसीडीएडिट'ने यादीतली नोंद पुसायची. बरेच जण 'बूटरेक फिक्सएमबीआर' सुचवतात. ती आज्ञा जुन्या बायोसच्या यंत्रांसाठी आहे, जिथे लोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या आरंभीच्या 446 बाइटांत बसतो. नव्या यूईएफआय यंत्रांवरचा ग्रब तिने हलत नाही.

पण नुकत्याच परदेशी आलेल्या मुलाने हे सगळं का शिकावं? बसताना लिनक्सचा इन्स्टॉलर विंडोज स्वतः ओळखतो, त्याचं पार्टिशन लहान करून जागा करतो, बूट यादीत स्वतःला वर नेतो. निघताना हेच उलट करण्याची सोय नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये नसते. मी लिनक्सच वापरतो, म्हणूनच हे मला खटकतं. ओटावाच्या कोरेल कंपनीने 1999 साली कोरेल लिनक्स काढलं, तेव्हापासून सामान्य माणसाला लिनक्स सहज बसवता यावं म्हणून किती खटपट झाली! काढण्याची सोय अशक्य होती असंही नाही. 2008च्या उबुंटू 8.04 मध्ये 'वुबी' होतं. त्याने बसवलेलं उबुंटू विंडोजमधल्या इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखं काढता येई. पुढे ते बंद पडलं.

आता अशा सोयीची गरज वाढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि चांगल्या चालत्या जुन्या यंत्रांवर लोक लिनक्स आजमावू लागले. इथे कॅनडात नोव्हेंबर 2024 मध्ये सी-244 विधेयकाचा कायदा झाला, दुरुस्तीसाठी डिजिटल कुलूप उघडायची मुभा मिळाली. स्वतःच्या यंत्रावर मालकाचा हक्क असावा हे लिनक्सवाले कायम सांगत आले, आणि लिनक्स नको म्हणणं हाही त्याच हक्काचा भाग आहे. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसतं, त्याच्याच पहिल्या पडद्यावर 'लिनक्स काढा, विंडोज पूर्ववत करा' हा पर्याय हवा.

तोवर लॅपटॉप विकणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पैसे घेण्याआधी यंत्र पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा आणि विंडोज उघडलेलं घेणाऱ्याला दाखवा.