विलीनीकरण आणि ज्येष्ठतेची यादी

विलीनीकरण हा शब्द सीमाभागातील माणसास शिकवावा लागत नाही. त्या एका शब्दासाठी येथील पिढ्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास पत्करला. परंतु दोन घटक एक झाल्याची द्वाही फिरली म्हणजे विलीनीकरण पुरे झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एकत्र आलेल्या माणसांत पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न न्यायाने सुटला नाही, तर नाव एक होते आणि मने दोन राहतात. विमान कंपन्यांच्या वैमानिकांचा इतिहास या दृष्टीने आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा.

वैमानिकाच्या आयुष्यात सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकाला मोठे मोल आहे. कोणते विमान चालवावयाचे, सहवैमानिकाचा कॅप्टन केव्हा व्हावयाचे, रजा केव्हा मिळावयाची आणि मंदी आली तर प्रथम घरी कोणी बसावयाचे, हे बहुधा त्यावरूनच ठरते. म्हणून दोन याद्यांची एक यादी करताना रणे माजतात. त्यासाठी ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, नोकरीस लागल्याच्या तारखेचा. तो दिसण्यास सरळ. पण जुन्या, रोडावलेल्या कंपनीतील माणसे त्यामुळे नव्या कंपनीच्या कॅप्टनांच्या डोक्यावर बसतात. दुसरा, प्रमाणाचा: जो आपल्या जुन्या यादीत मध्यावर होता, तो नव्या यादीतही मध्यावर. तिसरा, विमानाचा प्रकार आणि हुद्दा पाहून गट पाडण्याचा. प्रत्येक मार्गात कोणाचे तरी हित आहे आणि कोणाची तरी हानी.

अमेरिकेत २००५ साली यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट या कंपन्या एक झाल्या. पहिलीचे वैमानिक जुने आणि संख्येने पुष्कळ अधिक. दुसरीचे तरुण आणि थोडे. वाद लवादाकडे गेला. जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला: मोठी विमाने चालविणारे यूएस एअरवेजचे ५१७ वैमानिक सर्वांत वर, त्याखाली दोन्हीकडील मंडळी प्रमाणाने मिसळलेली आणि कामावरून कमी केलेले तळाशी. बहुसंख्यांस तो मानवला नाही. त्यांनी २००८ साली मतदानाने जुनी संघटनाच बाजूस सारली आणि नवी उभारली. पुढे २०१३ साली ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि अखेरची यादी लागण्यास २०१६ साल उजाडले. एका यादीपायी दशक गेले!

आपल्याकडे काय घडले? २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन या सरकारी कंपन्या एक करण्यात आल्या; वेतन व बढतीचे प्रश्न मात्र मागे ठेवले गेले. परिणाम ठरलेलाच होता. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसाम्यासाठी संप केला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. तोच २०१२ साली नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूस का, म्हणून पूर्वीच्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर गेले. आधी लग्न आणि मग कुंडली, असा हा प्रकार!

सीमाभागास हे दुःख पुस्तकातून वाचावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी येथील प्रजा जशी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात लोटली गेली, तसे येथील शिक्षक, कारकून आणि तलाठीही गेले. मुंबई, हैदराबाद, मद्रास, कूर्ग आणि जुने म्हैसूर येथील नोकरांच्या याद्या एकत्र करावयाच्या होत्या. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने, केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून कोणाच्याही सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या करता येणार नाहीत, असे बंधन घातले होते. पदांची बरोबरी ठरविण्यासाठी कामाचे स्वरूप, जबाबदारी, पात्रता आणि वेतन हे चार निकष धरण्यात आले. तरीही पुनर्रचित राज्यांतील ज्येष्ठतेचे तंटे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लिखित हमी नसती, तर दाद मागण्यासही जागा उरली नसती.

यातून आम्ही दोन बोध घेतो. निकष आधी ठरावेत, निवाडा नंतर व्हावा; आणि संख्याबळाने निवाडा मोडू नये. या दुसऱ्या बोधावर कोणी आम्हांस महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाची आठवण देईल. देवो बापडा. आमचा आक्षेप, निकष सर्वत्र एकसारखे लावले नाहीत, हाच होता आणि आहे. म्हणून तर निकषांचा आग्रह आम्हांस इतरांहून अधिक धरला पाहिजे.

आणि तो आग्रह स्वतःलाही लावला पाहिजे. उद्या हा भाग महाराष्ट्रात आला, तर त्याबरोबर कन्नड शाळांचे शिक्षक आणि कन्नड भाषिक कर्मचारीही येतील. त्यांचा क्रमांक, त्यांचा हुद्दा, त्यांचे निवृत्तिवेतन यांचे काय, याचे उत्तर चळवळीने आजच आपल्या मागणीपत्रात लिहून ठेवावे. ज्यांनी बहुसंख्येचा जाच सोसला, त्यांनी बळी तो कान पिळी हा न्याय दुसऱ्यास लावणे शोभत नाही. नकाशावरची रेघ एका रात्रीत पुसता येते. यादीत झालेला अन्याय मात्र माणूस निवृत्त होईपर्यंत रोज वाचतो.