पहिल्यासारखं म्हणजे कधीसारखं?

‘अजय-अतुल आता पहिल्यासारखे राहिले नाहीत’ हे वाक्य आमच्या बमरोलीत कुठल्याही हळदीच्या मांडवात ऐकायला मिळतं. सुरतेतल्या उधना-पांडेसऱ्याच्या या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं लूमच्या कामासाठी आली ती अहिराणी आणि गाण्यांचा नाद सोबत घेऊनच. त्यामुळे तक्रारही तिच्या मूळ ठसक्यात होते: ‘आते पहिलासारखं नही ऱ्हायनं भो.’ बोलणारा मान हलवतो, ऐकणारे हलवतात आणि तेवढ्यात डीजेवर ‘झिंगाट’ लागलं की तेच सगळे उठून नाचायला जातात.

टीका हलक्यात काढू नये, म्हणून तिची बाजू आधी नीट मांडतो. टीकाकार म्हणतात, या संगीतकार भावांच्या सुरुवातीच्या कामात माती होती. ‘अगं बाई अरेच्चा’, ‘जत्रा’, ‘जोगवा’, ‘नटरंग’ यांतली ढोलकी, संबळ, हलगी आपल्या अंगणातली वाटायची. मग हिंदी आलं, मोठं बजेट आलं, शंभर व्हायोलिनं आली आणि माती खाली दबली. शिवाय आता तेच ते ऐकू येतं.

ऐकायला पटणारं आहे. फक्त कालक्रम चुकलेला आहे. या जोडीचं नाव ज्या ध्वनिफितीने झालं ती 2001 ची ‘विश्वविनायक’. गणेशस्तुती, संस्कृत शब्द, शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचे आवाज, आणि मागे भरगच्च पाश्चात्त्य वाद्यवृंद. म्हणजे ऑर्केस्ट्रा हे श्रीमंतीनंतर चढलेली सूज नाही, तो पहिल्या पावलापासून आहे. 2016 च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टुडिओत तिथल्या वादकांकडून तुकडे वाजवून घेतले, तेव्हा ते आपल्याच जुन्या हट्टाकडे परत गेले होते. ‘माती आधी, व्हायोलिन नंतर’ ही गोष्ट आपण आपल्या सोयीसाठी रचली.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. ‘पहिल्यासारखं’ म्हणजे नेमकं कधीसारखं? ‘नटरंग’ आला तेव्हा ‘पहिलं’ म्हणजे ‘मल्हारवारी’ होतं. ‘झिंगाट’ आलं तेव्हा ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारी माणसं असला धांगडधिंगा कशी करतात, म्हणून नाकं मुरडली गेली. आज तीच नाकं ‘सैराट’ला सुवर्णकाळात बसवतात आणि ‘चंद्रमुखी’वर मुरडतात. ‘अग्निपथ’मधलं देवा श्री गणेशा 2012 चं, तेही हिंदीत. तेव्हाच्या हिशेबाने ते ‘नंतरचं’ होतं. आता सुरतेतल्या विसर्जनात ते वाजलं नाही तर मंडळाच्या पोरांना मिरवणूक निघाल्यासारखी वाटत नाही. सीमारेषा दर पाच-सात वर्षांनी पुढे सरकते, तक्रारीचा शब्द मात्र बदलत नाही. गाणं बिघडलं असतं तर ते पुढे जाऊन सुधारलं कसं?

ते सुधारत नाही, त्यावर आपले थर चढतात. जुन्या गाण्यावर कुणाची वरात, कुणाचं गॅदरिंग, गावी जाताना उधन्याहून पकडलेली गाडी, असं बरंच काही बसलेलं असतं. नव्याला आपण आठवडाभर फोनवर ऐकतो आणि वीस वर्षांच्या गाण्याशी कुस्तीला उतरवतो. जगभर हेच चालतं. रोलिंग स्टोन्सने 2023 मध्ये अठरा वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, त्याला ग्रॅमीही मिळालं. पण मैफिलीला जाणाऱ्यांचा जीव अडकलेला असतो तो साठीच्या दशकातल्या गाण्यांत. आपल्याकडच्या इंडियन ओशन बँडचं दुःख तर खरं होतं: अशीम चक्रवर्ती 2009 मध्ये गेले, 2013 मध्ये सुष्मित सेन बाहेर पडले. ‘आता काय राहिलं’ म्हणणाऱ्यांना दोष देता येत नव्हता. तरीही 2015 च्या ‘मसान’चं संगीत याच उरलेल्या आणि नव्याने आलेल्या माणसांनी केलं, आणि त्यातलं रेल्वेच्या पुलाचं गाणं स्वानंद किरकिरे गातात तेव्हा त्यात काही कमी पडलंय असं मला तरी वाटत नाही.

आता ऐकण्याबद्दल. बमरोलीत गाणं पोहोचतं कसं, हे टीकाकारांनी एकदा पाहावं. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी, यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. त्यात मोबाइलचा स्पीकर लावला तर व्हायोलिनं, बासरी सगळं गिळलं जातं. अजय यांचा वरच्या पट्टीतला आवाज तेवढा त्या कल्लोळाला भोक पाडून येतो. संध्याकाळी हळदीत डीजेवाला खालचे सूर इतके फुगवतो की पत्रे थरथरतात, आणि गाण्यात उरतो तो फक्त ठोका. मग निकाल लागतो: ‘नुसता धिंगाणा.’ अहो, धिंगाणा तुमच्या डीजेचा आहे! ‘सैराट’मधली प्रेमगीतं रात्री खातं बंद असताना चांगल्या इयरफोनवर ऐका. कडव्यांच्या मधल्या जागेत तंतुवाद्यं काय करतात ते ऐकल्याशिवाय त्यांना गोंगाट म्हणणं हा अन्याय आहे.

आणि ‘तेच ते’? ‘नटरंग’ची लावणी आणि बारा वर्षांनंतरची ‘चंद्रमुखी’ची लावणी शेजारी ठेवा. दोन्हीकडे शब्द गुरू ठाकूर यांचे. बेला शेंडे यांच्या लावणीत शब्द आणि ठेका पुढे, गळा त्यांच्यामागून धावतो. ‘चंद्रा’त श्रेया घोषालला हरकती-मुरक्यांसाठी मोकळं रान दिलंय, ठेका तिच्यासाठी थांबतो. हा तोच फड नाही. पुढच्याच वर्षी ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये मधुमासाचं इतकं संथ, जुन्या वळणाचं गाणं केलं की ते चालेल असं कुणी पैजेवर सांगितलं नसतं. आमच्या गल्लीतल्या पोरींनी त्यावर रील्स केले तेव्हा त्यांना ‘जोगवा’शी तुलना सुचलीही नाही.

याचा अर्थ सगळं गोड मानून घ्यायचं असा नाही. टीका करायचीच तर ‘सैराट’च्या हिंदी अवतारावर, ‘धडक’वर करा. मराठी बोलीच्या हेलकाव्यावर बेतलेल्या चालींवर हिंदी शब्द बसवले तेव्हा त्या चालींचा कणाच मोडला. ‘कोंबडी पळाली’ची ‘चिकनी चमेली’ करताना निदान बाज नवा होता. ‘धडक’मध्ये तेवढंही नाही.

आणि दुसरी, माझ्या मते जास्त मोठी तक्रार आवाजांची. कोंबडीच्या गाण्यात आनंद शिंदे आणि वैशाली सामंत होते, ‘जोगवा’त हरिहरन यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अलीकडे बरंचसं काम अजय यांच्या स्वतःच्या आणि श्रेया घोषालच्या गळ्यावर चालतं. दोघेही थोरच, पण शिंदेंच्या घराण्याचा तो रांगडा, थेट मांडवातून उचलल्यासारखा आवाज या भावांच्या मोठ्या वाद्यवृंदासमोर उभा केला तर काय होईल, हे मला ऐकायचं आहे. तो प्रयोग त्यांनी अजून मनासारखा केलेला नाही, आणि त्यासाठी त्यांना मागे नव्हे, पुढेच जावं लागेल.