तेवीस स्पॉट आणि चार दिवस

जूनमध्ये माझ्या मावसभावाचा पुण्याहून मेसेज आला. "दादा, लेहला येतोय. चार दिवस आहेत. ही यादी बघ, काही राहिलं असेल तर सांग." यादीत २३ 'फोटो स्पॉट' होते. कुठे पिवळं जॅकेट घालायचं, कुठे पाठमोरं उभं राहायचं, सगळं लिहिलेलं. विमानाने उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला, तिसऱ्या दिवशी पँगाँग. मी उत्तर पाठवलं, "पहिले दोन दिवस नुसते झोपा." त्याने हसरा चेहरा पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी कामासाठी पुढच्या भागात होतो. संध्याकाळी फोन लागला तेव्हा त्याचा नऊ वर्षांचा मुलगा लेहच्या इस्पितळात ऑक्सिजनवर होता. पोराचं डोकं सकाळपासूनच दुखत होतं. वाटेत दोनदा उलटी झाली. लडाखी चालक दोनदा म्हणाला, "साब, वापस चलते हैं." पण खिंड समोर दिसत होती आणि वर पाटीसमोर फोटोसाठी रांग होती. त्या रांगेत हे लोक वीस मिनिटं उभे राहिले. फोटो निघाला. मी तो पाहिलाय. आईबाप हसताहेत आणि पोराचे ओठ निळे आहेत.

पोरगं वाचलं. रात्रभरात सावरलं. म्हणून हे रागाने लिहू शकतोय, नाहीतर लिहिलंच नसतं.

माजी सैनिक वाचकांना पुढचं पाठ असेल, इतरांसाठी सांगतो. लेह साधारण ११,५०० फुटांवर आहे. आमचा जवान, जो रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो, तो खालून इथे आला की सहा दिवस त्याला वर पाठवत नाहीत. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, फार तर आवारातल्या आवारात फिरणं. मग हळूहळू चालणं, शेवटी थोडी चढण. १२,००० च्या वर जायचं तर आणखी चार दिवस, १५,००० च्या वर जायचं तर त्यापुढे आणखी चार. एकूण चौदा. हा नियम कुणा बाबूने टेबलावर बसून केलेला नाही, माणसं गमावून शिकलेला आहे. फुफ्फुसात पाणी भरायला लागलं की छातीवरची पदकं उपयोगाची नसतात. खडकवासल्याला तीन वर्षं रगडा खाल्लेला मी, पहिल्या पोस्टिंगला तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेलो आणि एमओने सर्वांसमोर झापला होता.

आणि आपण नऊ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत साडेसतरा हजार फुटांवर नेतो. कशासाठी? पाटीसाठी. त्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची १७,५८२ च्या आसपास आहे. जगातला सर्वात उंच रस्ता हा मानही तिच्याकडे नाही. सीमा रस्ते संघटनेने उमलिंग ला इथे १९,०२४ फुटांवर रस्ता नेऊनही काही वर्षं झाली. (कॅप्टन असताना त्याच पाटीसमोर मीही छाती काढून फोटो काढलाय. आई तो अजून पाहुण्यांना दाखवते.)

मला चार दिवसांच्या सुट्टीची थट्टा करायची नाही. सुट्टी तोकडी असणं म्हणजे काय हे फौजीला कुणी सांगू नये. वर्षभर पैसे साठवून माणूस येतो, त्याला सगळं बघायचं असतं, हे मान्य. माझं भांडण 'स्पॉट' या कल्पनेशी आहे. स्पॉट म्हणजे दुसऱ्याने आधीच काढलेला फोटो. आपण जाऊन त्यात फक्त आपलं तोंड चिकटवतो. १३४ किलोमीटर लांबीच्या पँगाँगवर लोक पोचतात आणि पिवळ्या स्कूटरवर बसायला पैसे मोजतात, कारण २००९ मध्ये 'थ्री इडियट्स' आला होता. सरोवर मागे असतं, आणि मागेच राहतं. मॅग्नेटिक हिल तर निव्वळ दृष्टिभ्रम, उतार चढासारखा भासतो इतकंच. भासाचा फोटो निघत नाही, म्हणून पाटीचा काढायचा. भावाच्या यादीत सतराव्या क्रमांकावर 'रेझांग ला व्ह्यू पॉइंट' होतं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी जिथे शेवटपर्यंत लढली, ती जागा व्ह्यू पॉइंट? त्या स्मारकासमोर फोटो जरूर काढा. पण आधी तिथली नावं वाचा.

यावर भाऊ इस्पितळाच्या बाकावर बसून म्हणाला, "मग दादा, चार दिवसांत माणसाने करायचं काय?" प्रश्न रास्त होता. त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

पहिला दिवस गच्चीवर. लेह सिंधूच्या उत्तरेला आहे आणि दक्षिणेला समोर स्तोकची रांग. उन्हाळ्यात साडेपाचच्या आत स्तोक कांगरीच्या बर्फावर पहिलं ऊन पडतं तेव्हा खाली गाव अजून निळ्या सावलीत असतं. तो रंग दहा मिनिटं टिकतो. त्यासाठी खुर्ची लागते, गाडी नाही. दुपारी कॅमेरा काढूच नका. इथली हवा विरळ आणि कोरडी, ऊन सुरीसारखं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर राजवाड्याखालच्या जुन्या गल्ल्यांत सावकाश फिरा. म्हाताऱ्या आजीचा फोटो हवा असेल तर आधी 'जुले' म्हणा, विचारा, नाही म्हणाली तर हसून पुढे चला. शांती स्तूपाला गाडीने जा, पायऱ्यांनी नको.

तिसऱ्या दिवशी पहाटे ठिकसे. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. सकाळची प्रार्थना ऐका, परतताना शे गावाजवळ थांबा. रस्त्यालगत वाळवंटात शेकडो पांढरे चोर्तेन उभे आहेत. यात्रेकरूंची वाहनं धूळ उडवत तिथून सुसाट जातात, कारण यादीत त्यांना क्रमांक नाही. तिरप्या उन्हात प्रत्येक चोर्तेनची लांब सावली पडते. मला इथे मिळालेले सर्वांत चांगले फोटो तिथलेच आहेत. स्पितुकच्या गोम्पातही जा, मात्र कॅमेरा सिंधूच्या बाजूला ठेवा. दुसरीकडे धावपट्टी आहे. तिचे, पुलांचे आणि आमच्या ताफ्यांचे फोटो काढून ठिकाणासकट नेटवर चढवणाऱ्या देशभक्तांना हात जोडून विनंती, नका करू.

चौथ्या दिवशी पश्चिमेला, नदीच्या प्रवाहाबरोबर. हा रस्ता लेहपेक्षा खाली उतरतो हे यादीवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम. दुपारी कॅमेरा काढू नका म्हणालो, त्याला हा एक अपवाद. वरून पाहताना दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसायला सूर्य डोक्यावर हवा. पुढे आल्ची, सुमारे १०,००० फूट, म्हणजे छातीलाही आराम. तिथल्या मंदिरांतली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांची आहेत आणि आत फोटो काढायला मनाई आहे. कॅमेरा गाडीत ठेवा, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत उभे राहा.

भावाने शेवटचे दोन दिवस असेच काढले, गच्चीवर आणि शेपर्यंत. पोराने बापाच्या जुन्या फोनवर घरासमोरच्या पाटाचे चाळीस फोटो काढले. त्यातले अडतीस हललेले आहेत.

आणि एक राहिलं. चालक वळूया म्हणाला तर वळा. त्याने या खिंडीत तुमच्यासारखे शेकडो पाहिलेत. ठरलेले पैसे मात्र त्याला पूर्ण द्या.