दोन ध्वजवंदने

वासोण्याच्या बाजूस आम्हां शिक्षकांचा ऑगस्ट महिना दोन ध्वजवंदनांचा. 15 ऑगस्ट साऱ्या देशाचा. 2 ऑगस्ट आमच्या दादरा-नगरहवेलीचा, कारण सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले ते 1954 साली. त्या लढ्यातील सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावे उच्चारताना मराठी माणसाची मान ताठ होते, आणि ते योग्यच आहे.

मात्र ध्वजाची दोरी ओढताना आम्हांस दरवर्षी एक लेख आठवतो. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, 1972 साली, ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. ध्वजाविषयीच्या त्यातील शब्दांनी महाराष्ट्र खवळला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ध्वजाच्या अवमानापेक्षा या अपराधाची शिक्षा हलकी का, हा ढाल्यांचा सवाल होता. ध्वजाची चर्चा घरोघर झाली. ब्राह्मणगावची किती घरांत झाली?

त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली. नाव घेतले अमेरिकेतील काळ्यांच्या ‘ब्लॅक पँथर’वरून, ती संघटना ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 1966 साली ओकलंड शहरी काढली होती. वर्ण आणि जात एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण कायदा कागदावर आणि भय गल्लीत, ही अवस्था दोहींकडे सारखीच होती.

जानेवारी 1974 मध्ये मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता प्राणास मुकला. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत न देण्यातही एवढे बळ असते, हे सत्ताधाऱ्यांस तेव्हा उमगले असावे.

पुढे पँथर फुटली. नेत्यांच्या भांडणाचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 साली होऊनही नामविस्तारास 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, तेव्हा अधीरतेचा दोष एकट्या तरुणांच्या माथी मारणे आम्हांस जड जाते.

गतवर्षी 2 ऑगस्टचे आमचे भाषण संपल्यावर सातवीतील एका वारली मुलाने विचारले, “गुरुजी, यात आमचं कोण होतं?” आमच्या टिपणात एकही नाव नव्हते. यंदा ध्वजवंदनापूर्वी आम्ही त्याच्या पाड्यावर जाणार आहोत. तिथल्या म्हाताऱ्यांपाशी बसून विचारावयाचे आहे.